विद्यापीठातल्या मुलांसाठी मंडळीचं काम: वार कोणता, जागा कुठली, जेवण द्यावं का?

सागरमाळ

सलाम सगळ्यांना.

आमची कोल्हापुरातली मध्यम आकाराची मराठी मंडळी (म्हणजे चर्च), विद्यापीठापासून चारेक किलोमीटरवर. येत्या जूनपासून कॉलेज आणि विद्यापीठाच्या मुलामुलींसाठी काम सुरू करायला पंच कमिटीची मंजुरी मिळाली आहे. मंजुरी म्हणजे चर्चचा हॉल, महिना सहा हजार रुपये आणि "बघा काय जमतंय ते".

अडलंय ते असं. रविवारची उपासना संपल्यावर बैठक घ्यावी की आठवड्यातली एखादी संध्याकाळ धरावी? कॅम्पसवर भेटावं की हॉलमध्येच बोलवावं? जेवण ठेवायचं म्हटलं तर एका एल्डरांचा (मंडळीच्या वडिलांचा) ठाम विरोध आहे, "उद्या कुणी म्हणेल जेवणाचं आमिष दाखवलं". आणि शिकवायचं काय, कुणी?

माझं मत आधीच सांगतो म्हणजे वाद घालायला बरं: तरुणांचा वेगळा क्लब काढू नये. मुलं मंडळीतच मिसळली पाहिजेत, नाहीतर डिग्री संपली की चर्चही संपतं. अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं. "प्रार्थनेनं सुरुवात करा" हे माहीत आहे, त्याच्या पुढचं सांगा.

गडहिंग्लजकर

वार ठरवण्याआधी कोण कुठं राहतं ते बघा. कोल्हापुरात तीन प्रकारची मुलं असतात आणि तिघांचं घड्याळ वेगळं.

अप-डाऊनवाली: इचलकरंजी, कोडोली, जयसिंगपूर, मिरज-सांगलीकडची. यांचा पास असतो, पाचच्या आत एसटी नाहीतर रेल्वे गाठायची असते. संध्याकाळची बैठक यांच्यासाठी नाहीच. दुपारी दोन लेक्चरमधल्या मोकळ्या वेळात कॉलेजजवळ अर्धा तास मिळतो, तेवढाच.

होस्टेल आणि कॉट बेसिसवाली, पण गाव दोन-तीन तासांवर: गडहिंग्लज, आजरा, चंदगड, कराड, सातारा. ही शनिवारी दुपारी सॅक पाठीला लावून घरी जातात, रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. रविवारी सकाळी ही तुमच्या चर्चमध्ये दिसणार नाहीत. त्याला अविश्वास म्हणू नका, ती स्वतःच्या गावच्या मंडळीत बसलेली असतात.

आणि लांबची: कोकण, मराठवाडा, केरळ, ईशान्य भारत. मेडिकल, नर्सिंग, इंजिनिअरिंगला यांची संख्या लक्षात येण्याइतकी. रविवारी शहरात उरतात ती हीच.

"रविवारी उपासनेनंतर" एवढा एकच पर्याय धरला तर तीनपैकी एकच प्रकार हाताला लागतो, आणि मग कमिटीत चर्चा होते की मुलांना गोडी नाही.

नाद_खुळा

भावा, विषय हार्ड केलास. सर्व्हे आधी, सुवार्ता नंतर. :)

रंकाळ्याकाठी

गडहिंग्लजकरांशी सहमत, फक्त एक भर. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी, हा जुना रिवाज. त्या रात्री मुलं वडापाव, अंडाभुर्जी नाहीतर मॅगीवर काढतात. म्हणून रविवारी साडेपाचला बैठक आणि पावणेसातला ताट, ही वेळ कागदावर नाही, पोटावर ठरलेली आहे. गावाहून लवकर परतणारी दोन-चार मुलंही सापडतात.

त्याला जोडून आठवड्यातला एक वार. बुधवार किंवा गुरुवार, सहा ते सव्वासात. सव्वासात म्हणजे सव्वासात. मुलींच्या होस्टेलची गेट बंद व्हायची वेळ प्रत्येक ठिकाणी वेगळी; ती आधी विचारून भिंतीवर लिहून ठेवा आणि सगळ्यांत लवकरच्या गेटाच्या अर्धा तास आधी आमेन म्हणा. एका मुलीला एकदा गेटवर उभं राहावं लागलं की त्या होस्टेलमधून पुन्हा कुणी येत नाही. वॉर्डनही चर्चचं नाव लक्षात ठेवते, चुकीच्या कारणासाठी.

वकीलकाकू

आमिषाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, आणि घाबरून जेवणही बंद करू नका. नियम सरळ आहेत.

घटनेच्या कलम २५ नुसार सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाध न आणता धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. तुमचं प्रत्येक पत्रक आणि प्रत्येक मेसेज या रेषेच्या अलीकडे असला पाहिजे.

जेवणाचं म्हणाल तर ताट कशालाही बांधलेलं नको. बैठकीला न बसता फक्त जेवायला आलेल्यालाही तेच ताट, तेवढंच. "आधी प्रार्थना, मग पान" असं कुणी गंमतीनंही म्हणायचं नाही. फी भरणं, मोबाईल देणं, नोकरी लावून देणं असली आश्वासनं या कामातून कुणीही द्यायची नाहीत. मंडळीचा शिक्षणफंड असेल तर तो कमिटीच्या नियमानं, वेगळ्या अर्जावर, वेगळ्या वहीत.

अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात. त्यांच्यासाठी पालकांची लेखी संमती, नाहीतर त्यांना या गटात घेऊच नका. तरुण संघ वेगळा ठेवा. कुठल्याही मुलाशी किंवा मुलीशी बंद खोलीत एकट्यानं समुपदेशन नाही. दार उघडं आणि नजरेच्या टप्प्यात दुसरी मोठी व्यक्ती. पाळकसाहेबांनाही (पास्टरांनाही) हाच नियम.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट, जी लोक सांगत नाहीत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. शीख १९५६ ला आले, बौद्ध १९९० ला. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हेच पुन्हा सांगितलं: ख्रिस्ती श्रद्धा पाळायची आणि आरक्षणापुरतं हिंदू म्हणायचं, हे चालणार नाही. ज्या मुलाची शिष्यवृत्ती आणि प्रवेश जातीच्या दाखल्यावर आहे, त्यानं बाप्तिस्मा मागितला तर हे त्याला आधी, स्वच्छ शब्दांत, शक्यतो घरच्यांच्या कानावर घालून सांगणं मंडळीचं कर्तव्य आहे. "गुपचूप घे, दाखला तसाच राहू दे" असा सल्ला देणारा माणूस त्या मुलाचं भविष्य आणि स्वतःची साक्ष दोन्ही बुडवतो.

चहाबाज

@वकीलकाकू, दंडवत. पण एवढे नियम ऐकून कमिटी जूनच्या ऐवजी पुढच्या जूनला मंजुरी देईल.

वकीलकाकू

@चहाबाज, एका पानात बसतात. छापा, सगळ्या सेवकांच्या सह्या घ्या, फाईलला लावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

कॅम्पसवाला

मूळ मताशीच माझा वाद आहे. चर्च म्हणजे मुलांना आई-बाबांची जागा वाटते. विद्यार्थ्यांचं काम विद्यार्थ्यांनीच करायचं असतं. भारतात १९१२ पासून स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट आहे, १९५४ पासून यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) आहे. यूईएसआयच्या कामात विद्यार्थीच गट चालवतात; मोठे फक्त मागं उभे राहतात. वर्गातला मित्र "चल, बायबलमधलं मार्क वाचूया" म्हणाला तर मुलगा जातो. पाळकसाहेब म्हणाले तर मान डोलावतो आणि येत नाही.

कॅम्पसबद्दल: होस्टेलच्या खोल्यांतून पत्रकं वाटू नका, नोटीस बोर्डावर विनापरवाना काही चिकटवू नका. बॅनर, माईक, बाहेरचा वक्ता असलं काही असेल तर कॉलेजची लेखी परवानगी. तीन-चार मित्र कँटीनमध्ये बसून वाचतात त्याला कार्यक्रम म्हणत नाहीत, आणि त्याचा कार्यक्रम करायलाही जाऊ नका.

सागरमाळ

@कॅम्पसवाला, मग मंडळीनं करायचं काय? फक्त पैसे द्यायचे?

मिरजकरीण

मंडळीकडे जे आहे ते कॅम्पसवर मिळत नाही: आजी, लहान मुलं, वीस वर्षं संसार केलेली जोडपी, आजारपण, मौती. विशी-बाविशीच्या घोळक्यात राहून मुलांना हे दिसतच नाही. म्हणून घरं जोडून द्या. याला कुणी पालक-घर म्हणतं, कुणी काही.

पद्धत अशी. एका घराला दोन विद्यार्थी, एकटा कधीच नाही. दोन मुलगे किंवा दोन मुली, शक्यतो एकाच होस्टेलचे. महिन्यातून एकदा घरी जेवायला, बाकी आजारपणात डबा आणि परीक्षेच्या आधी एक फोन. जोड्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावा, त्याआधी नको. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात, मुलं कॉलेज बदलतात. घरांची यादी मात्र मे महिन्यातच तयार पाहिजे.

हे बिघडतं ते दोन प्रकारांनी. घरातली माणसं मुलांना फुकटचं मनुष्यबळ समजतात: "आलाच आहेस तर हा गॅस वर नेऊन दे, धाकट्याचं गणित घे." नाहीतर चौकशा. पोटजात विचारायची नाही, पगाराच्या गोष्टी नाहीत, आणि मार्क विचारायचे नाहीत.

नाद_खुळा

मार्क किती? सोळा अध्याय, काकू.

मिरजकरीण

@नाद_खुळा, तुझ्यासारखा एक प्रत्येक घराला येतोच. आणि हो, विसरले: स्थळं बघायची नाहीत. नर्सिंगच्या मुली आल्या की मंडळीतल्या निम्म्या आयांचे डोळे चमकतात. दोन महिन्यांत मुली यायच्या बंद होतात आणि कारण कुणी सांगत नाही.

कॅम्पसवाला

पालक-घराचा मुद्दा मान्य. पण रविवारची उपासना दोन तासांची आणि त्यात पाऊण तास जाहिराती, हे कोण सांगणार?

एल्डर_निवृत्त

जाहिराती सात मिनिटांत आटपतात, आधी लिहून आणल्या तर. उभ्याउभ्या आठवून सांगितल्या तर पंचवीस लागतात. मुलांचा प्रश्न नाही हा, सगळ्यांचाच आहे.

मुलांना उपासनेत काम द्या, पण ठरवून. शास्त्रवाचन, दानाची थैली फिरवणं, साऊंडचा मिक्सर, प्रोजेक्टर. वाचन देताना उतारा बुधवारी हातात द्या. जुन्या भाषांतरातली वाक्यं लांबलचक. इंग्रजी माध्यमातून आलेला मुलगा ऐनवेळी उभा केला तर अडखळतो आणि पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसतो.

शाहूपुरी_जुनी

अवांतर: विद्यार्थ्यांमधल्या मिशनकार्याच्या इतिहासात कोल्हापूरचं नाव आहे हे किती जणांना माहीत आहे? रॉबर्ट वाइल्डर १८६३ साली इथंच जन्मला. वडील रॉयल वाइल्डर १८५२ पासून कोल्हापुरात मिशनरी. पुढं रॉबर्ट अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात शंभर जणांनी मिशनसेवेला नावं दिली त्यात त्याचा मोठा वाटा, आणि १८८८ मध्ये स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट रीतसर उभी राहिली. वाइल्डर मेमोरियल चर्चसमोरून रोज जाणाऱ्यांना वाइल्डर कोण हे विचारून बघा.

कॅम्पसवाला

बघा! म्हणजे विद्यार्थ्यांची चळवळ, मंडळीची नव्हे. माझाच मुद्दा.

शाहूपुरी_जुनी

@कॅम्पसवाला, घाई नको. ती चळवळ स्वतः कुणाला परदेशी पाठवत नव्हती. मुलं नाव द्यायची, पण पाठवायचं काम त्या त्या चर्चच्या मिशन बोर्डाचं. मंडळ्या नसत्या तर शंभर सह्या कागदावरच राहिल्या असत्या. शिवाय ती चळवळ परदेशी मिशनसाठी होती. होस्टेलमधल्या मुलाला रविवारी संध्याकाळी कुठं बसवायचं हा तिचा प्रश्नच नव्हता. हा प्रश्न आपल्याकडे शाहू महाराजांना पडला होता. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पुढं जातीजातीची, धर्माधर्माची वसतिगृहं उभी राहिली, कारण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात राहायला आणि जेवायला ठिकाण नव्हतं.

रस्सामास्तर

जेवणावर कुणी प्रमाण सांगितलं नाही म्हणून लिहितो. तीस ताटांचा हिशेब.

चिकनचा बेत: हाडासकट पाच किलो चिकन, चार किलो तांदूळ. होस्टेलची पोरं भात घरच्यापेक्षा दीडपट खातात, माणशी शंभर ग्रॅम धरलंत तर शेवटच्या पंगतीला नुसता रस्सा उरतो. चार किलो एका पातेल्यात लावू नका, खालचा गिच्च आणि वरचा कच्चा होतो, दोन पातेली. तिखट मध्यम ठेवा. ईशान्येकडच्या आणि केरळच्या मुलांना तिखट चालतं, पण आपली कांदा-लसूण चटणी पहिल्यांदा खाताना डोळ्यांतून पाणी येतं. चटणी वाटीत बाजूला ठेवा, ज्याला हवी तो घेईल.

शाकाहारी बेत: आख्खा मसूर अडीच किलो, चपात्या एकशे वीस, भात दोन किलो. चपात्या चर्चमध्ये लाटत बसू नका, जवळच्या बचत गटाला आदल्या दिवशी ऑर्डर द्या. चिकनच्या दिवशीही सहा-सात ताटं मसुराची वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं. शाकाहारी पोराला "रस्सा घे, पीस काढून देतो" म्हणणाऱ्याला वाढपात उभं करू नका.

हॉलमध्ये १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर वापरू नका, १९ किलोचं कमर्शियल घ्या. आकडा शनिवारी रात्री नऊपर्यंत ग्रुपवर पोल टाकून घ्या. "येतो" म्हणणाऱ्यांतले काही गळतात आणि न सांगता मित्र घेऊन येणारे तेवढेच असतात, त्यामुळे आकडा साधारण जुळतो.

नाद_खुळा

पांढरा रस्सा नाही? मग कसलं कोल्हापूर?

रस्सामास्तर

पांढरा मटणाच्या आळणी पाण्याचा. महिना सहा हजारांत मटण बसत नाही, भावा. ख्रिसमसला बघू.

हिशेबनीस

बसत काय ते मांडतो. भाव आजच्या बाजाराच्या आसपासचे. चिकनचा बेत: चिकन ११५०, तांदूळ २४०, तेल-मसाला-कांदा-खोबरं ३५०, गॅसचा वाटा १५०, म्हणजे सुमारे १९००. मसुराचा बेत चपात्या धरून सुमारे १३००. चार रविवारी जेवण ठेवायचं तर दोन चिकन आणि दोन मसूर मिळून ६४०० झाले, तिथंच बजेट फुटलं. त्यापेक्षा महिन्यात तीन जेवणं: एक चिकन, दोन मसूर, ४५००. बुधवारचा चहा-बिस्किट १०००. छपाई २४०. एकूण ५७४०. उरलेल्यात चपलांच्या स्टँडसाठी बल्ब घ्या.

चौथ्या रविवारी पालक-घरं. मिरजकरीणताईंचा आणि रस्सामास्तरांचा हिशेब असा एकत्र बसतो.

दाराजवळ डबा ठेवा, ज्याला जमेल त्यानं वीस-तीस रुपये टाकावेत. रक्कम कुणी मोजून बघायची नाही, नावं लिहायची नाहीत. मुलांना मिंधं वाटत नाही, आणि आमिषाच्या आरोपालाही ते एक उत्तर आहे. कुणा परदेशातल्या नातेवाइकानं "पोरांसाठी" म्हणून थेट कुणाच्या खात्यावर पैसे पाठवायचं म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. परदेशी देणगीला २०१० च्या एफसीआरए (परदेशी देणगी नियमन) कायद्याची नोंदणी लागते.

चहाबाज

छपाई कशाची? सगळ्यांच्या मोबाईलमध्ये बायबल आहे की.

पानगळ

@चहाबाज, मोबाईल उघडला की बायबलच्या आधी इन्स्टा उघडतं. कागदच हवा.

शिकवायचं काय, यावर कुणी बोललं नाही. मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत आणि मधोमध, आठव्या अध्यायात, येशू शिष्यांना विचारतो की तुम्ही मला कोण म्हणता, आणि पेत्र उत्तर देतो. पहिलं सत्र तिथपर्यंत, दुसरं सत्र तिथून वधस्तंभापर्यंत. पहिल्या सत्रात "हा कोण आहे" हा एकच प्रश्न चालतो. नव्यानं येणाऱ्याला, ख्रिस्ती नसलेल्यालाही, तो सहज कळतो. रोमकरांस पत्रानं सुरुवात केली तर तिसऱ्या आठवड्याला पाळकसाहेब आणि बीएच्या तत्त्वज्ञानाचा एक मुलगा एवढेच बोलत राहतात.

एका बैठकीला पंधरा ते पंचवीस वचनं, जास्त नाहीत. ए-फोर कागदावर डाव्या रकान्यात मराठी, उजव्या रकान्यात इंग्रजी, ओळींत भरपूर जागा. मराठी सोप्या भाषेतलं भाषांतर घ्या. "जुनं वाचलं की कानाला बरं वाटतं" हे चर्चमध्ये वाढलेल्यांचं. बाकीच्यांना ते सरकारी जीआरसारखं लागतं. प्रत्येकाला पेन. सात मिनिटं शांतपणे वाचायचं आणि समासात खुणा करायच्या: जे चमकलं तिथं दिवा, जे कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह, जे करायला हवं तिथं बाण. मग पाच-सहा जणांच्या गटात आधी प्रश्नचिन्हं, नंतर दिवे, शेवटी बाण. बाणापासून सुरुवात केली की सगळे चांगलं चांगलं बोलतात आणि उतारा बाजूलाच राहतो.

गट चालवणाऱ्यानं प्रश्न विचारून गप्प बसायला शिकलं पाहिजे. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक जण तिसऱ्या आकड्याला स्वतःच उत्तर देतात, आणि मग मुलांना कळतं की थांबलं की उत्तर आपोआप मिळतं.

शेवटच्या अध्यायात नववं वचन ते विसावं काही भाषांतरांत कंसात किंवा टीपेसह असतं. विज्ञानशाखेचा कुणीतरी विचारणारच. सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत ती वचनं नाहीत हे सरळ सांगा. लपवलंत आणि त्यानं रात्री नेटवर वाचलं, तर पुढं काहीही सांगा, विश्वास बसत नाही.

एल्डर_निवृत्त

@पानगळ, सगळं पटलं, पण पाळकसाहेबांनी मग काय करायचं?

पानगळ

गट चालवणाऱ्यांना सोमवारी तासभर तयारी करून द्यायची. आणि बुधवारी चहा गाळायचा. मुलं चहाजवळच खरे प्रश्न विचारतात.

काळी_एक

संगीत: सगळ्यांनी मिळून गायचं तर स्वर खाली ठेवा. 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली बरीच गीतं पेटीवाले सवयीनं वर लावतात, मुलगे दुसऱ्या ओळीला गप्प. काळी एक धरा. गिटारवाल्याला सोपं: कॅपो पहिल्या पट्टीवर, सी ची कॉर्ड. तीन गीतं पुरेत, दोन मराठी आणि एक हिंदी किंवा इंग्रजी. चौथं गीत फक्त गिटारवाल्याला हवं असतं.

गडहिंग्लजकर

वर्षाचं वेळापत्रक विसरू नका. मे महिन्यात गडहिंग्लज, सातारा, सांगली, बेळगावकडच्या पाळकांना फोन: तुमच्या मंडळीतलं कोण कोल्हापूरला शिकायला येतंय? नाव आणि नंबर मुलाला विचारूनच द्यायचा. कॉलेज सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत जो भेटला तो भेटला. नंतर त्याचे मित्र, वार, सवयी ठरून जातात.

जुलै-ऑगस्टला पाऊस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. ३९ ला बैठक रद्द करा, ४३ ची वाट बघू नका, कारण तोवर गावाकडचे रस्ते बंद झालेले असतात आणि मुलं अडकतात. त्या दिवसांत हॉल आणि ती मोठी पातेली पूरग्रस्तांच्या उपयोगाला येतात. पोरांना काम द्या, ती सगळ्यांत पुढं असतात.

गणपतीत विसर्जनाच्या दिवशी गावात काही ठेवू नका. नवरात्रात अंबाबाईच्या आसपास गाडी शिरत नाही. सत्रपरीक्षांच्या आधी तीन आठवडे बैठक बंद आणि हॉलची अभ्यासिका. ख्रिसमसचं नाटक मुलांच्या गळ्यात मारायचं असेल तर आधी परीक्षेचं वेळापत्रक बघा.

रंकाळ्याकाठी

अभ्यासिका म्हटलं की: लांब टेबलं, दर दोन खुर्च्यांना एक प्लग, पिण्याचं पाणी, इन्व्हर्टर, नावाची वही. सकाळी आठ ते रात्री साडेनऊ. सगळ्या धर्मांच्या मुलांना खुली, आणि तिथं प्रार्थना किंवा पत्रकं अजिबात नाहीत. एमपीएससीवाले वर्षभर जागा अडवून बसतात, म्हणून जागा रोजच्या रोज द्यायची, पुस्तकं रात्री उचलायची. चर्चच्या शिपायाला जादा तासांचे पैसे आधी मंजूर करून घ्या. हे काम बंद पडतं ते बहुतेक किल्लीवरून.

वकीलकाकू

व्हॉट्सॅपचा साधा ग्रुप काढू नका, मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात. कम्युनिटी काढा आणि सूचना तिच्या घोषणांच्या ग्रुपवर टाका, तिथं सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. फोटो विचारल्याशिवाय फेसबुकवर टाकायचे नाहीत. घरी न सांगता आलेला मुलगा एका फोटोनं अडचणीत येतो.

सागरमाळ

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. कमिटीपुढं ठेवतोय ते असं: बुधवारी सहा ते सव्वासात मार्क, रविवारी साडेपाचला महिन्यात तीनदा जेवणासह, चौथा रविवार पालक-घरं. एल्डरसाहेबांना वकीलकाकूंचं एक पान आणि हिशेबनीसांचे आकडे दाखवतो. क्लब नको हे माझं मत कायम आहे, पण गट मुलांनीच चालवायचे हे @कॅम्पसवाला यांचं मान्य.

एक राहिलं. तिसऱ्या वर्षाची मुलं मे महिन्यात एकदम जातात, तेव्हा गट कोण चालवणार?

कॅम्पसवाला

जानेवारीत दुसऱ्या वर्षातले दोघं निवडा, एक मुलगा आणि एक मुलगी. तीन महिने जुन्यांच्या शेजारी बसू दे: आधी फक्त बघायचं, मग अर्धी बैठक, मार्चमध्ये पूर्ण. एप्रिलमध्ये निवडलं तर परीक्षा आडवी येते.

मिरजकरीण

आणि जाणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवू नका. नोकरी पुण्याला लागली की बेंगळुरूला, ते कळल्याबरोबर तिथल्या एखाद्या मंडळीच्या पाळकांना पत्र आणि फोन. पत्रात बाप्तिस्म्याची तारीख एवढंच लिहू नका, तो काय करू शकतो ते लिहा: मिक्सर सांभाळतो, गट चालवते, तीस जणांचा भात लावता येतो.

रस्सामास्तर

दोन पातेल्यांत.